पी मध्ये अडकलेली ऑटोमॅटिक गाडी टोइंगसाठी न्यूट्रलला कशी आणावी

नागपूरच्या रामदासपेठेत माझे काका राहतात. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ते आणि काकू तीन आठवडे पुण्याला लेकीकडे गेले होते. गाडी इमारतीच्या तळघरात, तोंड भिंतीकडे करून उभी होती. परत आल्यावर काकांनी किल्ली फिरवली, तर डॅशबोर्डवर एक दिवाही लागेना. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, अशा उन्हाळ्यांत बॅटऱ्या लवकर जीव सोडतात. काकांनी टोइंगवाल्याला बोलावलं. त्यानं मागून साखळी लावून ओढलं, पण गाडी जागची हलेना. ‘भाऊ, हे तं हालूनच नाही राहिली,’ असं म्हणत त्यानं जोर वाढवला. पुढचे दोन्ही टायर फरशीवरून घासत आले, त्यांचे दोन लांब काळे पट्टे उमटले, आणि बॉनेटखालून खट्ट असा आवाज आला. काकांनी ओरडून थांबवलं तोवर गाडी जेमतेम दोन हात सरकली होती.

पुढे वर्कशॉपमधल्या मिस्त्रीनं गिअर लिव्हरच्या शेजारचं नखाएवढं झाकण उचकटून दाखवलं. त्याखालच्या भोकात त्यानं पेचकस दाबला, लिव्हर अलगद मागे ओढला, आणि मेलेल्या बॅटरीची ती गाडी एका हातानं ढकलली. त्या दिवसापासून ओळखीतल्या प्रत्येक ऑटोमॅटिकवाल्याला मी हे झाकण शोधायला सांगत असतो.

मुख्य गोष्ट एवढीच: बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी पी (पार्क) मध्ये असताना ओढायची नाही. आधी तिला न्यूट्रलला आणायचं, आणि ते जमतच नसेल तर जी चाकं अडली आहेत ती जमिनीवरून उचलायची. बाकी सगळा तपशील आहे, पण ऐन वेळी तोच कामी येतो.

गाडी नेमकी कुठे अडलेली असते

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या आत, चाकांकडे ताकद नेणाऱ्या बाजूला एक दातेरी चाक असतं. लिव्हर पी वर नेला की एक लोखंडी खटका त्याच्या दोन दातांच्या मधल्या खाचेत जाऊन बसतो. मग इंजिनची ताकद ज्या चाकांना मिळते ती चाकं फिरू शकत नाहीत. हा खटका उभी गाडी धरून ठेवण्यासाठी आहे. क्रेनची ओढ सोसण्यासाठी तो बनवलेलाच नाही. जोर लावला तर टायर घासतात किंवा खटक्याचं टोक तुटतं, आणि तुटका तुकडा गिअरबॉक्सच्या आतच पडतो.

दुसरं कुलूप लिव्हरपाशी असतं. त्याला शिफ्ट लॉक म्हणतात. लहान मुलानं खेळता खेळता लिव्हर ओढला तरी गाडी सुटू नये, म्हणून इग्निशन ऑन आणि ब्रेकवर पाय असल्याशिवाय लिव्हर पी मधून निघत नाही. हे कुलूप उघडते ती सोलेनॉइड नावाची, विजेवर हलणारी एक छोटी कळ. बॅटरी मेली की सोलेनॉइड हलत नाही, मग तुम्ही ब्रेक कितीही दाबा. म्हणजे गिअरबॉक्स धडधाकट असतो, फक्त त्याला सोडायचा हुकूम पोहोचत नाही. ती कळ हातानं दाबायची सोय बहुतेक कंपन्यांनी केलेली असते, आणि ते झाकण त्यासाठीच असतं.

याशिवाय स्टिअरिंग लॉक झालेलं असू शकतं आणि हँडब्रेक ओढलेला असू शकतो. म्हणजे एकूण चार ठिकाणं. न्यूट्रलला आणूनही गाडी हलत नसेल, तर या चारांपैकी कुठलं राहिलं ते बघायचं.

आधी पाहा, तुमच्या गाडीला पी आहे का

आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. मारुतीनं २०१४ मध्ये सेलेरिओतून एएमटी आणली. तिच्यात गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, क्लच आणि गिअर बदलण्याचं काम तेवढं यंत्र करतं. या गाड्यांना सहसा पी नसतोच. लिव्हरवर आर, एन आणि डी किंवा ए एवढंच दिसतं. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून बंद केली असेल, तर मॅन्युअल गाडी पहिल्यात ठेवल्यासारखी ती इंजिनला जखडलेली राहते. तिला न्यूट्रलला आणायला इग्निशन ऑन करून, ब्रेक दाबून लिव्हर एन वर न्यायचा, आणि डॅशबोर्डवर एन दिसेपर्यंत थांबायचं. नुसता लिव्हर सरकला म्हणजे आत गिअर सुटला असं नाही, कारण तिथे लिव्हर हा फक्त स्विच आहे. बॅटरी पूर्ण मेली असेल तर बाहेरून वीज द्यावी लागते, नाहीतर पुढची चाकं उचलून न्यावं लागतं. झाकण शोधण्यात तिथे वेळ घालवू नका.

दुसऱ्या जातीत, म्हणजे सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टर आणि ड्युअल क्लच या तिन्ही प्रकारांत पी असतो. पुढचं बहुतेक त्यांच्यासाठी आहे.

लिव्हरला हात लावण्याआधी

हे सगळ्यात महत्त्वाचं. पी सुटला की गाडी मोकळी होते, आणि बंद इंजिनच्या गाडीत ब्रेकचा बूस्टर एक-दोनदा पाय दाबेपर्यंतच साथ देतो. त्यानंतर पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक लागतो, पण पायाचा सगळा जोर लावावा लागतो. म्हणून हँडब्रेक आधी पूर्ण ओढा. मग चाकाला दगड किंवा विटा लावा, उतार असेल त्या बाजूला दोन्ही चाकांना. गाडीच्या समोर, मागे, किंवा गाडी आणि भिंतीच्या मध्ये कोणी उभं राहू नये. तळघराच्या रॅम्पवर गाडी असेल तर हा नियम दुप्पट कडक समजा. सव्वा टनाची गाडी सुटली की ती थोपवणं दोन माणसांच्या आवाक्यातलं नसतं.

रस्त्यावर असाल तर हॅझर्ड दिवे लावा. बॅटरी मेल्यानं ते लागणार नसतील तर डिक्कीतला लाल त्रिकोण मागे बऱ्याच अंतरावर ठेवा. वर्धा रोडवर किंवा आऊटर रिंग रोडवर रात्री उभे असाल, तर मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना गाडीत बसवून ठेवू नका. त्यांना रस्त्याच्या कडेला, गाडीपासून दूर उभं करा.

साधं कारण आधी तपासा

झाकण उचकटण्याआधी दोन मिनिटं याला द्या. डॅशबोर्डचे दिवे लागत असतील तर बॅटरीत थोडा तरी जीव आहे. इग्निशन ऑन करा, बटणाची गाडी असेल तर ब्रेकला पाय न लावता बटण दोनदा दाबा, म्हणजे इंजिन सुरू न होता इग्निशन ऑन होतं. आता ब्रेक दाबून लिव्हर ओढून पाहा. सेल्फ मारण्याएवढी वीज नसली तरी सोलेनॉइड हलवण्यापुरती अनेकदा असते.

दिवे छान लागताहेत, तरी लिव्हर निघत नाही? मग कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा आणि ब्रेक लाइट लागतात का ते विचारा. लागत नसतील तर दोष बहुधा तिथेच आहे. ब्रेक पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो, ब्रेक दाबल्याची खबर तोच देतो. तो बिघडला किंवा ब्रेक लाइटचा फ्यूज उडाला, की गाडीला तुमचा पाय ब्रेकवर आहे हेच कळत नाही. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज बदलून गाडी सुरू होऊन स्वतःच्या चाकांवर वर्कशॉपला जाऊ शकते, टोइंग वाचतं. मात्र ब्रेक लाइट लागत नसताना गाडी रस्त्यावर चालवायची नाही.

झाकणाखालची कळ

आता मुख्य काम. हवं काय, तर एक चपटा पेचकस, जुना रुमाल, आणि मोबाइलचा टॉर्च.

झाकण सहसा लिव्हरच्या पट्टीवर पी अक्षराच्या आसपास, उजवीकडे किंवा डावीकडे असतं. आकार नखाएवढा, चौकोनी किंवा लंबगोल. काही गाड्यांत झाकण नसून उघडं बटण असतं आणि त्यावर शिफ्ट लॉक असं लिहिलेलं असतं. कन्सोल काळा आणि झाकणही काळं, म्हणून ते नजरेला दिसत नाही. बोट फिरवून कडा शोधा.

किल्लीची गाडी असेल तर किल्ली लावून स्टिअरिंगचं कुलूप सुटेल इतकी फिरवा. स्टिअरिंग अडलं असेल तर एका हातानं ते डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हातानं किल्ली फिरवा, नुसती किल्ली पिळू नका.

पेचकसाच्या टोकाला रुमाल गुंडाळा, म्हणजे प्लास्टिकवर ओरखडे उठणार नाहीत. झाकणाच्या कडेला छोटी खाच असते, तिथून अलगद वर उचला आणि झाकण खिशात ठेवा. सीटखाली गेलं की ते परत मिळत नाही.

आता उजवा पाय ब्रेकवर ठेवा. भोकात पेचकस सरळ खाली दाबा. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत हे भोक किल्लीच्या पात्याच्या मापाचं असतं, तिथे किल्लीच दाबायची. स्मार्ट-की असेल तर तिच्या पोटातली छोटी धातूची किल्ली वापरा. एखादी स्प्रिंग दबल्यासारखं जाणवेल. हातोडी मारायची किंवा अंगाचा भार टाकायची गरज नसते. फार जोर लागत असेल तर पेचकस चुकीच्या जागी आहे.

कळ दाबलेलीच ठेवून लिव्हरच्या मुठीवरचं बटण दाबा आणि लिव्हर मागे आणा. वाटेत आर येईल, त्याच्या पुढचा एन. तिथे थांबा. मग कळ सोडा. एकट्याला दोन हात पुरत नसतील तर कळ दाबायला शेजारच्या सीटवर कोणाला तरी बसवा. मला एकट्यानं जमतं, पण काकांना जमत नाही, त्यांच्या बोटांना संधिवात आहे.

खात्री कशी करायची? दगड जागेवर ठेवून, पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक सोडा. बाहेरच्या माणसाला गाडी हलकेच पुढे-मागे रेटायला सांगा आणि ब्रेक जरा सैल करा. गाडी दगडाला टेकेपर्यंत बोटभर हलली की न्यूट्रल लागला. लगेच हँडब्रेक परत ओढा, आणि टोइंगवाल्याचा पट्टा लागेपर्यंत तो ओढलेलाच राहू द्या.

झाकण सापडत नसेल तर

फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या लिव्हरवाल्या गाड्यांत वर झाकण दिसत नाही. तिथे लिव्हरभोवतीच्या चामडी पिशवीची चौकट वर उचकटावी लागते. आत एक पिवळ्या रंगाचा प्लास्टिकचा तुकडा असतो, तो दाबून धरायचा आणि मग मुठीचं बटण दाबून लिव्हर एन वर आणायचा. इतरही काही गाड्यांत कळ अशीच चौकटीखाली किंवा कन्सोलच्या ट्रेखाली असते. गाडीच्या पुस्तिकेत टोइंगच्या प्रकरणात चित्रासह दिलेलं असतं. पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये धूळ खात असते, आणि काहींच्या घरी कपाटात. तिचा तेवढा भाग मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

उतारावर घट्ट बसलेला लिव्हर

कळ दाबली, शिफ्ट लॉक सुटल्याचं जाणवलं, तरी लिव्हर दगडासारखा? गाडी उतारावर आहे का पाहा. सेमिनरी हिल्सच्या चढावर किंवा तळघराच्या रॅम्पवर हँडब्रेक न ओढता नुसती पी मध्ये ठेवलेली गाडी आपलं सगळं वजन त्या खटक्यावर टाकून उभी असते. खटका दातांच्या मध्ये दाबला गेला की लिव्हरला ओढता येत नाही. अशा वेळी लिव्हरवर झटापट करू नका, केबल ताणली जाते. दोन-तीन माणसांनी गाडी चढाच्या दिशेला इंचभर रेटून धरायची, किंवा टोइंगवाल्यानं वरच्या बाजूनं विंचच्या (तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राच्या) तारेनं थोडी ओढ द्यायची. भार हलका झाला की लिव्हर सहज निघतो. निघताना ठक्क आवाज येतो, त्याला घाबरू नका. पण त्या क्षणी हँडब्रेक ओढलेला आणि दगड लावलेले हवेतच.

यासाठीच रोजच्या वापरात क्रम असा ठेवावा: ब्रेकवर पाय, लिव्हर न्यूट्रल, हँडब्रेक, मग ब्रेक सैल करून गाडीचा भार हँडब्रेकवर बसू द्या, पुन्हा ब्रेक दाबा आणि शेवटी पी.

बटणाच्या, चकतीच्या आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकच्या गाड्या

ज्या गाड्यांत पी हे बटण आहे, किंवा गिअर बदलायला गोल चकती फिरवायची असते, तिथे लिव्हर आणि गिअरबॉक्स यांच्यात बहुधा केबल नसते, फक्त वायर. वीज नाही तर न्यूट्रल नाही. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकचंही तेच, मागच्या चाकांवरची त्याची मोटर विजेशिवाय सुटत नाही. म्हणून इथे पहिला उपाय म्हणजे बॅटरीला बाहेरून जोर देणं. इंजिन सुरू झालं नाही तरी चालेल. आपल्याला फक्त हँडब्रेक सोडायचा आहे आणि एन लावायचा आहे.

जंपर केबलचा क्रम पाठ करून ठेवा. लाल केबलचं एक टोक मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळ्याचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या एखाद्या रंग न दिलेल्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघणारा वायू पेट घेऊ शकतो, म्हणून ते टोक बॅटरीजवळ नको. दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या हव्यात. ट्रकच्या २४ व्होल्टवरून जोर घेऊ नका, गाडीचे संगणक जळतात. हायवेवर मदतीला थांबलेला ट्रकवाला मनानं चांगला असतो, पण इथे त्याला नम्रपणे नाही म्हणा.

अशा अनेक गाड्या बंद केल्या की आपोआप पी लावतात, आणि काही हँडब्रेकही लावतात. म्हणजे तुम्ही एन लावून बटण दाबून गाडी बंद केली, की सगळी मेहनत वाया. न्यूट्रलमध्ये ठेवण्याची वेगळी रीत प्रत्येक कंपनीची वेगळी आहे, ती पुस्तिकेतूनच घ्यावी. गाडी फ्लॅटबेडवर (अख्खी गाडी पाठीवर घेऊन नेणाऱ्या सपाट ट्रकवर) चढेपर्यंत तिची वीज जाऊ देऊ नका, नाहीतर चढणीवर अर्धी गाडी अडकते.

न्यूट्रल लागला, तरी हलत नाही

दोन कारणं मी स्वतः पाहिली आहेत. एक, पावसाळ्यात हँडब्रेक ओढून महिनाभर उभी राहिलेली गाडी. मागच्या ड्रमला ब्रेक शू गंजून चिकटतात. इथे ओढायचं नाही, मिस्त्रीकडून ड्रमवर बाहेरून हलके ठोके मारून ते सोडवून घ्यायचं. दुसरं, लिव्हर एन वर आला, पण लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या केबलचा प्लास्टिकचा बुश निखळलेला. लिव्हर मोकळा फिरतो, आत गिअरबॉक्स अजून पी मध्येच. हे काम बॉनेटच्या बाजूनं गिअरबॉक्सवरचा दांडा हलवून होतं, पण ते मिस्त्रीनंच करावं.

कोणती चाकं उचलायची

पी मधला खटका फक्त इंजिनच्या ताकदीची चाकं अडवतो, हे लक्षात आलं की अर्धा प्रश्न सुटतो. बलेनो, स्विफ्ट, सिटी, अमेझ, क्रेटा, व्हेन्यू, नेक्सॉन, इनोव्हा हायक्रॉस यांत पुढची चाकं ताकदीची. पी काही केल्या निघत नसेल तरी पुढची दोन्ही चाकं क्रेननं उचलली आणि हँडब्रेक सोडला, की मागची चाकं मोकळी फिरतात. गाडी सुखरूप जाते. इनोव्हा क्रिस्टा, फोर बाय टू फॉर्च्युनर, फोर बाय टू स्कॉर्पिओ-एन यांचं उलट, ताकद मागच्या चाकांना. तिथे मागची चाकं उचलायची. फोर बाय फोर आणि ऑल व्हील ड्राइव्हच्या गाड्यांना फ्लॅटबेडच हवा.

काकांच्या तळघरात गाडीचं तोंड भिंतीकडे होतं, आणि क्रेन पोहोचत होती ती मागच्या बाजूला. अशा वेळी दोनच मार्ग. न्यूट्रल लावून गाडी हातानं मागे घ्यायची, किंवा अडलेल्या चाकांखाली छोट्या चाकांच्या ट्रॉल्या सरकवायच्या. टोइंगवाल्याकडे ट्रॉल्या आहेत का, हे फोनवरच विचारा. मोठा फ्लॅटबेड तळघरात मावत नाही, तो रस्त्यावर उभा राहतो आणि गाडी रॅम्पवरून विंचनं ओढावी लागते. रॅम्पवर ओढताना कोणीतरी सीटवर बसून स्टिअरिंग आणि ब्रेक सांभाळलाच पाहिजे, आणि तारेच्या रेषेत कोणीही उभं राहू नये.

टायर बदलतानाचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. पी मध्ये आहे म्हणून निर्धास्त होऊन ताकदीचं एक चाक जॅकनं उचललं, तर डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या भागामुळे) दुसरं चाक फिरू शकतं आणि गाडी जॅकवरून घसरते. हँडब्रेक आणि दगड दोन्ही हवेत.

न्यूट्रल लागला म्हणजे कितीही लांब टोचन लावून नेता येईल, असंही नाही. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद, चाकं फिरताहेत, म्हणजे आतले भाग कोरडेच घासतात. तळघरातून रस्त्यापर्यंत, किंवा चौकातून कडेला घेण्यापुरतं चालतं. बर्डीवरून वाडीपर्यंत दोरीनं ओढत नेणं चालत नाही. काही कंपन्या ठरावीक वेग आणि अंतरापर्यंत मुभा देतात, तो आकडा पुस्तिकेत असतो आणि तोच पाळायचा. ढकलून सुरू करण्याचा मॅन्युअल गाडीचा उपाय तर इथे लागूच नाही, कितीही माणसं लावली तरी अशी गाडी धक्क्यानं सुरू होत नाही.

पाण्यात गेलेली गाडी

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, आणि पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. त्या सकाळी कित्येकांनी पहिलं काय केलं, तर सेल्फ मारून पाहिला. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर एका सेल्फनं कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून बुडालेल्या गाडीत किल्ली फिरवायची नाही, बटण दाबायचं नाही, जंपर तर नाहीच. आधी पाण्याच्या खुणेसकट फोटो काढा, विम्याला लागतात. मग बॅटरीचा मायनस सोडवा. झाकणाखालची कळ यांत्रिक आहे, तिला विजेची गरज नाही, म्हणून अशा गाडीसाठी तोच सुरक्षित रस्ता. किल्ली न फिरवता स्टिअरिंग सुटत नसेल, तर न्यूट्रलच्या मागे न लागता फ्लॅटबेड आणि ट्रॉल्या मागवा.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड

इलेक्ट्रिक गाडीतही एक साधी १२ व्होल्टची बॅटरी असते, आणि गाडी जागी होते ती तिच्यावरच. मोठी बॅटरी भरलेली असूनही ही छोटी मेली तर गाडी निपचित पडते. ताकदीची चाकं जमिनीवर ठेवून अशी गाडी ओढली, तर मोटर फिरून वीज तयार करते आणि नुकसान होतं. म्हणून फ्लॅटबेडच, अंतर कितीही कमी असो. नारिंगी रंगाच्या वायरला कुणीही हात लावू नये. ती जास्त व्होल्टेजची असते. पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाडीजवळ स्वतः काहीच करू नका, कंपनीच्या माणसांना बोलवा. स्ट्रॉंग हायब्रिडलाही हेच नियम.

फोन करताना काय सांगायचं

नवी गाडी असेल किंवा विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतला असेल, तर पहिला फोन तिथे. राष्ट्रीय महामार्गावर असाल, म्हणजे सिवनी-हैदराबादच्या ४४ वर किंवा अमरावतीकडे जाणाऱ्या ५३ वर, तर १०३३. जीवाला धोका वाटत असेल तर ११२. समृद्धी महामार्गावर दुचाकी आणि तीनचाकीला बंदी आहे, तेव्हा ‘बाइकवरून मिस्त्री पाठवतो’ या भरवशावर तिथे थांबू नका. तिथल्या फलकांवर आणि टोल नाक्यावर दिलेल्या हेल्पलाइनवरूनच मदत मागवा.

टोइंगवाल्याला पत्त्याच्या आधी गाडीची जात सांगा. मी असं बोलतो: ‘भाऊ, ऑटोमॅटिक आहे, पी मध्ये अडकली आहे, ताकद पुढच्या चाकांना. तोंड भिंतीकडे, तळघर, वरची उंची इतकी. फ्लॅटबेड पाठवा, आणि ट्रॉल्या असतील तर आणा.’ एवढं ऐकलं की अनुभवी माणूस योग्य सामान घेऊन येतो. तो आल्यावर हुक कुठे लावतोय ते पाहा. टोइंगचा हुक डिक्कीत स्टेपनीच्या पान्यांजवळ असतो, बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण काढून तो आत फिरवून पूर्ण बसवायचा. काही युरोपियन गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. बंपरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला साखळी बांधू देऊ नका.

गाडी फ्लॅटबेडवर चढली की लिव्हर परत पी वर न्या, हँडब्रेक ओढा आणि पट्टे चाकांवरून घट्ट झाल्याचं स्वतः पाहा. झाकण खिशातून काढून जागेवर बसवा. वर्कशॉपमध्ये सोडताना सांगा की लिव्हर कळ दाबून काढावा लागला होता, आणि तो बॅटरी मेल्यामुळे अडला होता की ब्रेक लाइट लागत नव्हते, हेही कागदावर लिहून द्या. नाहीतर ते बॅटरी बदलून गाडी परत देतील, आणि ब्रेकचा स्विच तसाच राहील.